शून्याच्या खाली डोस नसतो

इन्सुलिन टोचता येतं, पण एकदा टोचलेलं काढून घेता येत नाही. टाइप वन मधुमेह असलेल्या माणसाच्या रोजच्या आयुष्यातल्या निम्म्या अडचणी या एका वाक्यात मावतात. उरलेल्या निम्म्या दुसऱ्या वाक्यात: टोचलेलं इन्सुलिन लगेच काम करत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला ही दोन वाक्यं बाराव्या वर्षी कळली. मी तेव्हा पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि नेमका त्याच सत्रात आम्हाला कंट्रोल सिस्टिम्स हा विषय होता. तिथे या दोन्ही वाक्यांना नावं होती. पहिल्याला 'ॲक्च्युएटर सॅच्युरेशन' म्हणतात: ज्या साधनाने आपण एखाद्या यंत्रणेवर ताबा ठेवतो, त्या साधनाची मर्यादा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आणखी उघडत नाही, पूर्ण बंद झाला की आणखी बंद होत नाही. दुसऱ्याला 'टाइम डिले' म्हणतात: आज केलेल्या कृतीचा परिणाम उशिरा दिसणं. त्यात ती यंत्रणा सरळ रेषेत वागणारी नसेल, म्हणजे दुप्पट दिलं की दुप्पट मिळेल अशी खात्री नसेल, तर तिला 'नॉनलिनिअर' म्हणतात. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की प्रश्न फार अवघड होतो, एवढं सांगून आमचं पाठ्यपुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळत असे. आमच्या सांगलीच्या घरात या तिन्ही गोष्टी एकत्रच आल्या होत्या.

टाइप वन हा गोड खाल्ल्याने होणारा आजार नाही. हे वाक्य आईने गेल्या आठ वर्षांत किती शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना ऐकवलं असेल, याची गणती नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना शत्रू समजून मारून टाकते. त्यानंतर इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं, रोज, आयुष्यभर. ते नसेल तर माणूस जगत नाही. जास्त झालं तर रक्तातली साखर इतकी उतरते, की आधी हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं आणि शेवटी शुद्ध हरपू शकते. म्हणजे औषध आणि धोका एकाच पेनमध्ये, आणि पेन एका सातवीतल्या मुलीच्या हातात.

निरोगी माणसाचं स्वादुपिंड हे काम कसं करतं, ते पाहिलं की मला अजूनही इंजिनीअर म्हणून हेवा वाटतो. ते साखर मोजतं आणि तिथल्या तिथे इन्सुलिन थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडतं. रक्तातलं हे इन्सुलिन काही मिनिटांतच निम्मं होतं. म्हणजे अंदाज थोडा चुकला, तरी चुकीचं आयुष्य मिनिटांचंच. शिवाय स्वादुपिंडाला दुसरा हात आहे. साखर उतरू लागली की ते ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक सोडतं आणि यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढायला लावतं. एक हात खाली ओढणारा, एक वर ढकलणारा, आणि दोन्ही चपळ.

माझ्या बहिणीकडे एकच हात आहे आणि तोही संथ. झटपट काम करणारं म्हणून जे इन्सुलिन मिळतं, ते कातडीखालच्या चरबीत टोचलं जातं. तिथून रक्तात झिरपायला दहा-पंधरा मिनिटं, जोर यायला तास-दीड तास, आणि पूर्ण ओसरायला चार-पाच तास. मोजण्यातही उशीर आहे. तिच्या दंडावर जो सेन्सर चिकटवलेला असतो तो रक्तातली साखर मोजत नाही, पेशींमधल्या द्रवातली मोजतो. ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. म्हणजे तिला दिसणारा आकडा थोड्या वेळापूर्वीचा आहे आणि आता घेतलेल्या निर्णयाचा खरा परिणाम तासाभराने दिसणार आहे. पुण्यातल्या घाटात मागच्या आरशात बघून गाडी चालवावी, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं पुढच्या वळणावर फिरावीत, असं काहीसं.

हे आकड्यांत सांगतो. होळीला पुरणपोळी. दोन पोळ्यांची साधारण नव्वद ग्रॅम कर्बोदकं धरली आणि तिला दहा ग्रॅमला एक युनिट लागतं, तर नऊ युनिट. एक वाजता पान वाढलं. पावणेदोनला शुगर २३६, बाण वर. नऊतली बहुतेक युनिटं अजून कामाला लागायची आहेत, पण आकडा समोर आहे आणि तो भीतिदायक आहे. म्हणून आणखी तीन युनिट. पावणेतीनला २५१. आणखी दोन. चार वाजता आकडा खाली यायला लागतो, सगळ्यांना हायसं वाटतं. साडेचारला १२०, बाण सरळ खाली. पाच वाजता ६२, आणि ती स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधते आहे. चौदा युनिटांपैकी एकही युनिट खोटं नव्हतं, प्रत्येकाला त्या क्षणी कारण होतं. तरी बेरीज चुकली. त्यात पोळीवर तूप. तुपाने जठर हळू रिकामं होतं, म्हणून साखरही उशिरा चढते. इन्सुलिनचा उशीर एक, तुपाचा दुसरा, आणि दोघांचं वेळापत्रक वेगळं.

डॉक्टर याला इन्सुलिनचं 'स्टॅकिंग' म्हणतात. थरावर थर. कंट्रोलच्या वर्गात याच्या सख्ख्या भावंडाचं नाव 'इंटिग्रल वाइंडअप' होतं. कारखान्यातला नेहमीचा कंट्रोलर तीन गोष्टी बघतो: आत्ता किती फरक आहे, आजवरचा साठलेला फरक किती, आणि फरक कोणत्या वेगाने बदलतो आहे. त्यातली मधली गोष्ट म्हणजे साठलेल्या तक्रारींची वही. व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडला असला तरी कंट्रोलर वहीत नोंदी करतच राहतो: अजून कमी, अजून कमी. टाकी भरून पातळी वर गेली तरी ती जुनी थकबाकी फिटेपर्यंत तो व्हॉल्व्ह बंद करत नाही आणि पाणी बाहेर वाहतं. यावरचा उपाय साधा आहे: व्हॉल्व्ह मर्यादेला टेकला की वही बंद करायची. जे हाताने करता येणार नाही, त्याची तक्रार लिहीत बसायचं नाही. आमच्या प्राध्यापकांनी हे दोन ओळींत संपवलं होतं. घरी ते अमलात आणायला आम्हाला वर्ष लागलं.

उशिरावरचा उपाय अधिक हुशार आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ऑटो स्मिथ यांनी १९५७ मध्ये तो मांडला. 'स्मिथ प्रेडिक्टर' म्हणून तो ओळखला जातो. कल्पना अशी की कंट्रोलरने आपल्या पोटात त्या यंत्रणेची एक छोटी प्रतिकृती ठेवायची. मी जे दिलं आहे त्याचा परिणाम उशीर नसता तर आत्ता काय दिसला असता, हे त्या प्रतिकृतीला विचारायचं, आणि समोरच्या आकड्याबरोबर त्या उत्तराचाही विचार करून पुढचं पाऊल टाकायचं. थोडक्यात, दिलेलं विसरायचं नाही. आजचे इन्सुलिन पंप 'इन्सुलिन ऑन बोर्ड' नावाचा जो आकडा दाखवतात, त्यामागे हीच समज आहे: टोचलेलं पण अजून न वापरलं गेलेलं इन्सुलिन. २३६ आणि बाण वर, पण शरीरात सात युनिट बाकी, हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की हात आपोआप थांबतो.

बहिणीकडे पंप नाही. पंप, त्याच्या नळ्या आणि दर थोड्या दिवसांनी बदलायचे सेट हा खर्च बाबांच्या पगारात बसणारा नव्हता. पुढे मी कमवू लागलो तेव्हा तिनेच नको म्हटलं. ती पेन वापरते. तिचा 'इन्सुलिन ऑन बोर्ड' शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर असायचा: वेळ, युनिट, आणि पुढे दर तासाला एक तिरकी रेघ. चार रेघा झाल्या की डोस संपला. नववीत असताना तिने ही पद्धत स्वतःच बसवली होती. मी तिला ऑटो स्मिथ यांच्याबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्यांनाही रेघा माराव्या लागल्या असतील."

प्रतिकृती ठेवायची, तर ती खरी किती, हा पुढचा प्रश्न. इथे नॉनलिनिअर हा शब्द अंगावर येतो. १९७९ मध्ये रिचर्ड बर्गमन, क्लॉडिओ कोबेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर आणि इन्सुलिनच्या नात्याचं एक छोटं गणिती मॉडेल मांडलं. त्याचं नावच 'मिनिमल मॉडेल'. त्यात इन्सुलिनचा परिणाम आणि साखरेची पातळी यांचा गुणाकार येतो. तो एकटा गुणाकार पुरतो: तेवढंच इन्सुलिन साखर चढलेली असताना वेगळी ओढ देतं आणि उतरलेली असताना वेगळी. त्यात साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे सोडू लागतात. धरण भरलं की सांडव्यावरून पाणी जावं तसं. म्हणजे वरच्या बाजूचे नियम आणखी निराळे. आणि हे सगळं एका ठरावीक दिवसापुरतं. ताप आला, पाळी जवळ आली, कॉलेजला चालत गेली, परीक्षेचा ताण आला, सुई त्याच त्या जागी टोचून तिथली कातडी घट्ट झाली, की कालचं मॉडेल आजचं राहत नाही. पहाटे शरीर स्वतःच साखर वर काढतं, म्हणून सकाळच्या दोन पोह्यांच्या बशांना जेवढं इन्सुलिन लागतं तेवढ्यात रात्रीचं अख्खं जेवण होतं.

शेवटच्या वर्षाला असताना मी बर्गमन यांच्या समीकरणांवरून संगणकावर एक नकली पेशंट तयार केला. त्याला जेवायला घालायचो आणि एक साधा कंट्रोलर त्याला इन्सुलिन द्यायचा. कंट्रोलर मवाळ ठेवला, की जेवणानंतरची साखर तासन् तास वर राहायची. थोडा कडक केला, की छान. आणखी कडक केला, की साखर वरखाली झोके घ्यायला लागायची. झोके येतात ते उशिरामुळे, हे पुस्तकात होतं. पण खरी गोष्ट तेव्हा दिसली जेव्हा मी इन्सुलिन शून्याखाली जाऊ नये, अशी एक ओळ त्यात टाकली. ती ओळ नसताना कंट्रोलर जास्त झालेलं इन्सुलिन बिनदिक्कत परत काढून घेत होता आणि सगळे आलेख सुंदर दिसत होते. ती ओळ आल्यावर तोच कंट्रोलर खाली जाणाऱ्या साखरेकडे हताश बघत बसला. त्याचा आउटपुट शून्य होता, तो बरोबरच होता, आणि पेशंट बेशुद्ध होत होता.

सुट्टीत मी हे बहिणीला दाखवलं. तिने बराच वेळ आलेख पाहिला आणि विचारलं, "याला भूक लागत नाही का?"

नव्हती लागत. मी त्याला दुसरा हात दिलाच नव्हता. तिचा दुसरा हात म्हणजे खिशातली ग्लुकोज पावडर, चॉकलेट, साखर. फक्त तो चालवायला ती जागी असावी लागते, शुद्धीत असावी लागते, आणि खिसा रिकामा नसावा लागतो. म्हणून टाइप वनमधलं नियंत्रण नेहमी थोडं भित्रं असावं लागतं. या भित्रेपणाची किंमत मोजलेली आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ पेशंटांवर झालेल्या 'डीसीसीटी' या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. साखर कडक आटोक्यात ठेवलेल्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. त्याच गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. वीस वर्षांनंतरचे डोळे की आजची रात्र, असा तो सौदा आहे, आणि तो रोज, दर जेवणाला करावा लागतो.

रात्रीचं सांगायला हवं. पहाटे तीनला सेन्सरचा अलार्म वाजतो, ५८. नियम ठरलेला आहे: पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन-चार चमचे, पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. कंट्रोलच्या भाषेत हा नियम म्हणजे उशिराला दिलेला मान आहे: ठरलेलं द्या आणि परिणाम दिसेपर्यंत हात आवरा. पण साखर उतरलेल्या माणसाला भयंकर भूक लागते, आणि उशाशी बसलेल्या आईला पंधरा मिनिटं थांबा सांगणं म्हणजे काय, ते ज्या घरात झालं आहे त्यांनाच माहीत. बहिणीने अंधारातच पावडर खाल्लेली असायची, आई दिवा लावून साखरपाणी घेऊन यायची, आणि एकीने केलेलं दुसरीला दिसेपर्यंत तेही पिऊन झालेलं असायचं. सकाळी २८०.

एकाच यंत्रणेवर दोन कंट्रोलर, आणि दोघांनाही उशीर. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आकाशातलं आहे. ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोममध्ये वॉटर फेस्टिव्हलच्या गर्दीसमोर ग्रिपेन हे स्वीडनचं नवं लढाऊ विमान कसरती करत होतं. चपळ व्हावं म्हणून हे विमान मुद्दामच अस्थिर बनवलेलं असतं, आणि संगणक त्याला क्षणोक्षणी सावरत असतो. पण पंखांवरची फळकुटं एका ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने हलू शकत नाहीत. वैमानिकाने काठी झपाट्याने हलवली, संगणकही आपल्या परीने सावरत होता, दोघांच्या मागण्या फळकुटांच्या वेगाच्या पलीकडे गेल्या. फळकुटं मागे पडली, विमान उशिरा वळलं, वैमानिकाने उलटी काठी दिली, तीही उशिरा पोचली. काही सेकंदांत झोके हाताबाहेर गेले. वैमानिक लार्स राडेस्ट्रोम बाहेर उडी घेऊन वाचले. विमान शहरातल्या लाँगहोल्मेन बेटावर पडलं आणि सुदैवाने कुणी दगावलं नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत याच विमानाचा पहिला नमुना उतरताना कोसळला होता, तेव्हाही वैमानिक तेच होते. ते अनुभवी होते, संगणकही आपलं काम करत होता. फळकुटांकडे मात्र दोघांच्या मागण्या एकाच वेळी पुरवण्याइतका वेग नव्हता.

आमच्याकडे तोडगा बहिणीनेच काढला. उशाशी एक वाटी. तिने काही खाल्लं की चमचा वाटीत उलटा ठेवायचा. आईने आधी वाटी बघायची. चमचा उलटा असेल तर आईचं काम एवढंच, की पंधरा मिनिटं शेजारी बसायचं. आई बसायची. मला वाटतं, तिला आयुष्यात याहून अवघड काम कुणी सांगितलं नसेल.

हे सगळं यंत्राकडे सोपवता येईल का? जगात त्यावर बरंच काम झालं आहे. २००८ मध्ये व्हर्जिनिया आणि पाडोव्हा विद्यापीठांनी मिळून केलेला नकली पेशंटांचा संच अमेरिकेच्या एफडीएने प्राण्यांवरच्या चाचण्यांऐवजी चालेल म्हणून मान्य केला. माझ्या खेळण्याचा तो कैकपटींनी शहाणा पूर्वज. २०१६ मध्ये एफडीएने सेन्सर बघून मूळ इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणाऱ्या पहिल्या पंपाला परवानगी दिली. त्याआधीच, २०१५ मध्ये, डेना लुईस आणि स्कॉट लिब्रँड यांनी 'ओपनएपीएस' नावाने घरी जोडता येईल अशी यंत्रणा सगळ्यांना खुली केली होती. लुईस यांना स्वतःला टाइप वन आहे. सुरुवात झाली ती सेन्सरचा अलार्म त्यांना झोपेतून उठवण्याइतका मोठा वाजत नव्हता, इथून.

नोकरी लागल्यावर मी ओपनएपीएसचा कोड वाचला. तो मला आवडला तो त्यातल्या हुशारीपेक्षा त्यातल्या नम्रतेमुळे. तो पंपाला मोठा डोस एकदम देत नाही. मूळ इन्सुलिनचा वेग थोडा वाढवतो किंवा घटवतो, आणि तेही अर्ध्या तासापुरतं. अर्ध्या तासात नवा निरोप आला नाही, बॅटरी संपली, सिग्नल तुटला, संगणक अडकला, तर पंप आपोआप नेहमीच्या ठरलेल्या वेगावर परत जातो. शरीरात जास्तीत जास्त किती जादा इन्सुलिन असू द्यायचं, यालाही वर कुंपण आहे. मी ऑफिसात जे सर्व्हर सांभाळतो त्यातले फार थोडे इतक्या शहाणपणाने नादुरुस्त होतात. मी बहिणीला म्हणालो, आपण जुना पंप मिळवून हे जोडू.

ती म्हणाली, "दादा, त्याला पंगत कळते का?"

तिचा मुद्दा खरा होता. ही यंत्रं चढलेली साखर बघून इन्सुलिन देतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जेवणाचं त्यांना आधी सांगावं लागतं, आणि डोस पान वाढण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी गेला तर उत्तम. लग्नात हे कसं जमायचं? आत्या सांगते पाच मिनिटांत पानं घेतोय. बहीण डोस घेते. मग कळतं की आहेर राहिलाय, वरपक्ष आधी बसणार, आपण दुसऱ्या पंगतीला. चाळीस मिनिटं. इन्सुलिनला पंगत कळत नाही, ते वेळेवर कामाला लागतं. म्हणून ती लग्नात जिलबी पानात पडल्यावरच पेन काढते. साखर थोडी चढू देते. तिने तो उशीर पत्करलेला आहे, कारण दुसरा उशीर तिच्या हातात नाही.

याच सुमारास मी गुंटर स्टाइन यांचं 'रिस्पेक्ट द अनस्टेबल' हे व्याख्यान वाचलं. १९८९ मध्ये दिलेलं हे व्याख्यान २००३ मध्ये छापलं गेलं. ग्रिपेन आणि चेर्नोबिल ही दोन्ही उदाहरणं त्यात आहेत. हेंड्रिक बोडे यांनी दशकांपूर्वी सिद्ध केलेली एक गोष्ट स्टाइन तिथे फावड्याच्या चित्राने समजावतात. चुका म्हणजे मातीचा ढीग. कंट्रोलर म्हणजे फावडं घेतलेला माणूस. तो एका जागची माती उपसून जागा साफ करू शकतो, पण ती माती कुठेतरी टाकावीच लागते. साधनाला मर्यादा असली आणि उशीर असला की टाकायची जागाही तोकडी, मग तिथे ढीग उंच होतो. माती नाहीशी करणारं फावडं नाही.

हे वाचल्यावर मला आमच्या घरातली आठ वर्षं वेगळी दिसली. साखर सपाट का राहत नाही, असा आमचा सगळ्यांचा प्रश्न होता, नातेवाइकांचा, आईबाबांचा. ती सपाट राहणार नव्हती. संथ इन्सुलिन आणि एकच हात असताना माती उरणारच होती, आणि खरा प्रश्न ती कुठे टाकायची आणि हे कोण ठरवणार, एवढाच होता. आईने ठरवलं तर ती सगळी वर टाकेल: रात्री झोपताना शुगर दोनशे असू दे, पण पोरगी सकाळी उठू दे. डोळ्यांचे डॉक्टर ठरवतील तर खाली ढकलतील. कंपनीचा पंप ठरवेल तर त्याच्या वकिलांना चालेल तिथे. आणि माझ्यासारखा भाऊ ठरवेल तर त्याला आलेख देखणा हवा असेल. बहिणीने मात्र ती कधीच वाटून घेतली होती: लग्नात वर, परीक्षेच्या आधी थोडी वर, सुट्टीच्या दिवशी घरी असताना कडक. तिची सरासरी तिच्या डॉक्टरांना मान्य होती. पेनवरच राहायचं, हाही तिचाच निर्णय.

गेल्या वर्षी तिला हैदराबादला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. घरात आठवडाभर शांतता होती. आईचा प्रश्न एकच होता, रात्री वाटी कोण बघणार. सेन्सरचा आकडा आता फोनवरून दूरच्या माणसालाही दिसतो, त्यामुळे मी पुढे झालो: मी बघेन. बहीण तयार झाली, पण माझ्या फोनवरची सेटिंग तिने स्वतः केली. "५५ च्या खाली जाऊन वीस मिनिटं तशीच राहिली तरच तुझा वाजेल. ७० ला नाही. ७० माझं काम आहे." मी विचारलं, साठला का नको? ती म्हणाली, "साठला तू फोन करशील. मी तेव्हा साखर खात असेन. मग फोन उचलू की खाऊ?" शिवाय, तिने हिशेब मांडला, पुण्याहून हैदराबादला पोचायला मला रात्र लागते. म्हणजे माझ्या हातात फक्त फोन आहे. शेजारच्या पलंगावरच्या मैत्रिणीला दहा सेकंद लागतात. म्हणून पहिला अलार्म मैत्रिणीचा, दुसरा माझा, आणि आईच्या फोनवर फक्त सकाळी सातचा आकडा. सांगलीच्या स्टँडवर तिला बसमध्ये बसवून दिल्यावर आईने वाटी आणि चमचा धुऊन मांडणीत ठेवला.

पहिल्याच महिन्यात एका रात्री ऑफिसच्या कामासाठी मी जागा होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन पाहिला, ६४, बाण आडवा. अलार्म वाजला नव्हता, वाजणारही नव्हता. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पुन्हा सरळ केला. तीन वीसला ६१. तीन पस्तीसला ७८. पावणेचारला ९७. हैदराबादच्या त्या खोलीत कुणीतरी अंधारात पावडर खाऊन पंधरा मिनिटं थांबलं होतं.

सकाळी मी काही विचारलं नाही. दुपारी तिचाच मेसेज आला: "दादा, इथल्या बिर्याणीला किती युनिट लागतात? भात पटकन चढतो आणि तूप मागून येतं. तुझं मॉडेल काय म्हणतं?"

मी लिहिलं, माझ्या मॉडेलने आजवर फक्त पुरणपोळी खाल्ली आहे, बिर्याणीचा डेटा तूच गोळा कर. तिने वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. वेळ, युनिट, आणि त्यापुढे दोन तिरक्या रेघा. दोन अजून बाकी होत्या.